वेळ भरली म्हणण्याचा अधिकार

वॉर्डात माणूस गेला की पहिला आकांत ओसरल्यावर नातेवाइकांतलं कुणीतरी वयस्कर पुढं येतं आणि म्हणतं, ‘वेळ भरली होती.’ मराठीत म्हणतात, कानडीत म्हणतात, उर्दूत म्हणतात; बेळगावात तिन्ही कळल्याशिवाय नर्सचं भागत नाही. मी निपाणीकडची, नोकरी सगळी बेळगावात झाली, आणि या वाक्यापुढं मी कायम गप्प राहिले. नुकतं माणूस गेलेल्या घराशी वाद घालायचा नसतो. पण निवृत्तीनंतर दुपारी स्वाध्यायाला बसले की तेच वाक्य पुस्तकाच्या आडून डोकावतं. सांत्वन म्हणून ते चांगलंच आहे. पण घडलं ते खरंच तसं घडलेलं असतं का?

शंका यायचं कारण खाटेच्या पायाशी लटकलेलं असतं. टीपीआर चार्ट. ताप, नाडी, श्वास, खाली बीपी, अलीकडं सॅच्युरेशन. माणूस पहाटे पाचला ‘अचानक’ गेलेला असतो आणि चार्टवर रात्री नऊपासून नाडी पायरी पायरीनं चढत गेलेली दिसते. हे माझ्या एकटीचं निरीक्षण नाही. १९९० साली अमेरिकेत, मायामीच्या डॉक्टरांनी हॉस्पिटलात हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ८४ टक्के रुग्णांची तब्येत आधीच्या आठ तासांत बिघडत चालल्याचं कागदावर होतं. कागदावर होतं, हे लक्षात घ्या. कुणीतरी मोजलं होतं, लिहिलं होतं आणि पुढच्या खाटेकडं गेलं होतं.

त्यातून पुढं स्कोअरची कल्पना निघाली. १९९७ मध्ये इंग्लंडच्या जेम्स पॅजेट हॉस्पिटलातल्या मंडळींनी पहिला स्कोअर मांडला. नंतर प्रत्येक हॉस्पिटलानं आपापला केला आणि सगळा गोंधळ झाला, म्हणून २०१२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं सगळ्यांसाठी एकच ठरवून दिला, ‘न्यूज’ नावाचा. २०१७ च्या डिसेंबरात त्याची सुधारलेली आवृत्ती आली. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय की नाही, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, अशा सात गोष्टी. नेहमीच्या मर्यादेपासून जितकं लांब तितके जास्त गुण, एकेकाला तीनपर्यंत. बेरीज पाच झाली की डॉक्टरनं तातडीनं येऊन बघायचं. सात झाली की आयसीयूच्या माणसांना बोलवायचं.

एक हिशोब करून दाखवते. पोटाचं ऑपरेशन झालेली बाई आहे. ताप ३८.४ सेल्सिअस, एक गुण. नाडी ११२, दोन गुण. बीपी १०८, एक. सॅच्युरेशन ९६, ऑक्सिजन नाही, पूर्ण शुद्धीवर, सगळे शून्य. श्वास मिनिटाला २६, तीन गुण. बेरीज सात. आता याच बाईचा श्वास कुणी न मोजता २० लिहिला, तर बेरीज चार. सातला सगळा वॉर्ड हलतो. चारला ‘चार ते सहा तासांनी पुन्हा बघा’ एवढंच. आणि मी आयुष्यभर पाहिलेल्या चार्टांत श्वासाच्या रकान्यात काय असायचं? १८, २०, १८, २०. म्हातारा असो, तापलेलं पोर असो, न्यूमोनिया असो, सगळे एकाच तालात श्वास घेणारे. नाडी आणि सॅच्युरेशन यंत्र दाखवतं, बीपीही आता यंत्र दाखवतं. श्वास मोजायला मात्र माणसाला दुसऱ्या माणसाच्या छातीकडं बघत पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं, आणि रात्रीच्या वॉर्डात नर्सकडं तेच एक मिनिट नसतं. स्कोअर कसा सुधारायचा यावर ढीगभर संशोधन होतं. त्यातल्या पुष्कळ हुशारीचा पाया या बनावट वीसवर उभा असतो, असं मला नेहमी वाटत आलंय.

असो. प्रश्न होता तो वेळ भरण्याचा.

मी दिगंबर जैन घरातली. आमच्याकडं आयुकर्म मानतात: या जन्माचं आयुष्य मागच्या जन्मी बांधलेलं असतं, ते सरलं की देह सुटतो. गावच्या पाठशाळेत हे लहानपणीच कानावर पडतं. पण त्याच पाठशाळेत तत्त्वार्थसूत्र पाठ करून घेतात, आणि त्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या अगदी शेवटच्या सूत्रात उमास्वामी एक यादी देतात. देव आणि नारकी. त्याच देहानं मोक्षाला जाणारे श्रेष्ठ जीव. असंख्यात वर्षांचं आयुष्य असलेले भोगभूमीतले जीव. यांचं आयुष्य मधेच तुटत नाही. म्हणजे बाकीच्यांचं तुटू शकतं. विषानं, शस्त्रानं, अशी कारणंही टीकाकारांनी सांगून ठेवलीत. पाठ करताना अर्थाकडं कोण बघतंय! नर्स झाल्यावर कधीतरी ते सूत्र पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं की त्या यादीत निपाणीचं कुणीच नाही. तंबाखूच्या वखारीत धूळ खाणारी बाई नाही, दिवसभर विड्या वळून पाठ धरलेली नाही, अकोळचा ऊसवाला नाही, मी नाही. आम्ही सगळे तुटू शकणाऱ्यांत.

हे इतकं सरळ नाही, तेही सांगते. आमच्यात यावर चांगलीच भांडणं आहेत. कानजीस्वामींना मानणारे ‘क्रमबद्धपर्याय’ सांगतात: केवलज्ञान्याला पुढचं सगळं दिसतं, अर्थी ते त्याच क्रमानं घडणार, अकाली मरण हा बोलण्यापुरता प्रकार. समोरचे विचारतात, मग पुरुषार्थ कशासाठी? दोन्ही बाजूंची प्रवचनं मी ऐकलीत आणि दोन्हींकडं चहा घेतलाय. माझा कौल वॉर्डातून आलेला आहे. केवलज्ञान्याला काय दिसतं ते त्याच्यापाशी राहू दे. मला चार्ट दिसतो. पुढचं दिसत नव्हतं तेव्हा ज्यानं काही केलं नाही, त्याला सगळं उरकल्यावर ‘ठरलेलंच होतं’ म्हणायचा हक्क कुठून आला?

चरकसंहितेत हाच प्रश्न अग्निवेश आपल्या गुरूंना, आत्रेयांना विचारतो, विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात. आयुष्य नेमून दिलेलं असतं की नसतं? आत्रेयांचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते कुणाच्याच बाजूनं पूर्ण झुकत नाही. दैव आहे आणि माणसाचे प्रयत्नही आहेत. ज्याचा जोर जास्त त्याचं चालतं. सगळं नेमलेलंच असतं तर औषध कशाला घ्यायचं, पिसाळलेल्या जनावरापुढून बाजूला तरी कशाला व्हायचं? मग ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस नीट वापरला तर आपल्या काळानं झिजून संपतो. तोच आस ओझं जास्त झाल्यानं, रस्ता वाईट असल्यानं, गाडीवान बेपर्वा असल्यानं, वंगण न दिल्यानं वाटेतच मोडतो. निपाणीच्या हालसिद्धनाथ कारखान्याकडं निघालेली उसाची गाडी भर रस्त्यात बसलेली ज्यानं पाहिलीय, त्याला यावर भाष्य नको. तिथं कुणी म्हणत नाही की आसाची वेळ भरली होती. विचारतात, किती टन भरला होता?

पण चरकांचंच दुसरं एक स्थान आहे आणि ते वाचताना माझी पंचाईत होते. इंद्रियस्थान. बारा अध्याय, सगळे मरणाच्या चिन्हांवर: रंग कसा बदलतो, आवाज कसा होतो, अंगाला वास कसला येतो, रोगी कसली स्वप्नं बघतो, वैद्याला बोलवायला आलेला माणूस कसा दिसत होता. बारकावा थक्क करणारा आहे. पण ही चिन्हं ओळखायची कशासाठी? तर हा रोगी हातात घेऊ नये हे वैद्याला कळावं म्हणून. शिवाय न विचारता कुणाला मरण सांगू नये, असं शहाणपणही तिथंच आहे. सुश्रुतांनी रसायन, तप, जप यांच्यापुरती एक फट उघडी ठेवली, तेवढंच. त्या काळी हातात जे होतं ते बघता यात लबाडी नव्हती. आमच्या आज्यांनाही हे कळायचं. श्वास चढला, ऊर्ध्व लागला, घरघर सुरू झाली, की गावाला निरोप धाडायचे, कानाशी णमोकार मंत्र म्हणायचे. श्वास तोच, २६ चा आणि ३० चा. त्यांनी तो ओळखलाही होता. फक्त ओळखल्यावर पुढं करण्यासारखं काही त्यांच्याजवळ नव्हतं, आणि आमच्याजवळ सलाईन, अँटिबायोटिक, ऑक्सिजन, रक्त सगळं होतं.

म्हणून चिन्हाचं काय करायचं हा प्रश्न मला चिन्हापेक्षा मोठा वाटतो. आमच्या भागात कुर्ली-आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची यात्रा भरते. रात्रभर ढोल आणि मग भाकणूक: पाऊस कसा, कुठल्या पिकाला भाव, रोगराई, कुणाची गादी हलणार. आम्ही जैन, तरी तंबाखूला काय भाव सांगितला हे आमच्या घरी सकाळी चहाच्या आधी कळलेलं असायचं. पुढच्या वर्षी कुणी वही घेऊन बसत नाही की दहातल्या किती खऱ्या झाल्या. बसूही नये. येणाऱ्या वर्षाला तोंड द्यायचं बळ एकमेकांच्या साक्षीनं गोळा करणं, एवढं काम ती करते.

स्कोअरची वही मात्र ठेवावीच लागते, आणि तिथं एक गंमत आहे. समजा, स्कोअर सात आला, नर्सनं कॉल दिला, डॉक्टर धावत आले, बाई वाचली. वहीत काय लिहिलं जाईल? स्कोअरनं धोका सांगितला, धोका घडला नाही, स्कोअर चुकला. आणि कुणीच आलं नाही, बाई गेली, तर स्कोअर बरोबर. भाकणूक खरी ठरली की गाजते. स्कोअर कामाला आला की खोटा दिसतो. संशोधक हे ओळखून आहेत आणि त्यावर गणितं करतात, पण गणितानं पेच पुरता सुटत नाही. आता संगणकाला हजारो जुने कागद खायला घालून तयार केलेले नवे स्कोअर आलेत. त्या जुन्या कागदांत वाचलेले रुग्ण का वाचले? पुष्कळदा कुणीतरी वेळेवर आलं म्हणून. संगणक त्यातून शिकतो की अशा रुग्णांना धोका नसतो! २०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी अमेरिकेत शेकडो हॉस्पिटलांत चालणारं सेप्सिसची सूचना देणारं एक सॉफ्टवेअर तपासलं. सेप्सिसचे दोनतृतीयांश रुग्ण त्याच्या हातून निसटले होते, आणि तरी दाखल झालेल्यांतल्या १८ टक्क्यांवर त्यानं घंटा वाजवली होती. एवढ्या घंटांत काम केलेल्या नर्सला विचारा. तिसऱ्या दिवशी कान आपोआप मिटतात.

या सगळ्या परदेशी गोष्टी, असं कुणाला वाटेल. तर गोकाकची सांगते. गर्भारपणात आणि बाळंतपणात बायका मरतात त्या मुख्यतः रक्तस्राव, वाढलेलं बीपी आणि जंतुसंसर्ग यांनी. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या मंडळींनी ‘क्रेडल’ नावाचं एक बीपीचं यंत्र तयार केलं. ते बीपी आणि नाडी दोन्ही घेतं, नाडीला वरच्या बीपीनं भागतं आणि हिरवा, पिवळा किंवा तांबडा दिवा लावतं. भागाकार ०.९ च्या आत असेल तर ठीक, १.७ च्या पुढं गेला तर तांबडा. बाईला आतून रक्त जात असेल तर बीपी उतरायच्या आधी नाडी पळायला लागते, आणि आकडे वेगवेगळे बघितले तर ते कुणाच्या ध्यानात येत नाही, भागाकारात येतं. फार शिकलेली नर्स नसली तरी दिव्याचा रंग कुणालाही कळतो. २०१६-१७ मध्ये हे यंत्र आठ देशांत दहा ठिकाणी वापरून पाहिलं. इथियोपिया, हैती, मलावी, सिएरा लिओन, युगांडा, झांबिया, झिम्बाब्वे, आणि भारतातून आपलं बेळगाव जिल्ह्यातलं गोकाक. पाच लाख छत्तीस हजारांवर बाळंतपणं त्या मोजणीत आली. मातामृत्यू, झटके आणि तातडीनं गर्भाशय काढावं लागणं यांचं एकत्र प्रमाण दहा हजारांमागं ७९.४ होतं, ते ७२.८ झालं. वाचून बरं वाटतं. पण काळाबरोबर होणारे बाकीचे बदल वजा केल्यावर ही घट यंत्रामुळं झाली असं म्हणता येईना. संशोधकांनी ते तसंच छापलं.

त्याच्याही थोडं आधी, २०१४ ते २०१६ मध्ये, बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत दुसरा प्रयोग झाला होता. आशाताई आणि एएनएम सिस्टर यांच्या हातात टॅबलेट दिला. त्यात गरोदर बाईचं बीपी, डोकेदुखी, धाप, रक्तस्राव वगैरे भरलं की धोका किती आणि काय करायचं ते तो सांगायचा. पाकिस्तान आणि मोझांबिकमध्येही तसंच झालं. २०२० साली तिन्ही देशांचा निकाल एकत्र आला: माता आणि बाळांच्या वाईट घटनांत एकूण फरक पडला नाही. मात्र ज्या बायकांकडं आठ किंवा त्याहून जास्त वेळा ताई पोचली, त्यांचं बरं दिसलं. अशी पोटतुलना जपून घ्यायची असते, मला माहीत आहे. जिच्याकडं आठदा जाता येतं ती बाई मुळातच रस्त्याच्या कडेला राहत असेल. तरीपण मला हा निकाल पटतो. टॅबलेट बाईच्या दारात आपणहून जात नाही. आणि तांबडा दिवा लागला तरी गाडी लागते, रक्त लागतं, रात्री ऑपरेशन करणारा हात लागतो. गोकाकच्या अलीकडच्या वाडीवरून पावसाळ्यात गाडी निघणं म्हणजे काय ते घटप्रभेच्या काठच्या माणसाला विचारा.

मी एका टोकाला जात नाही. आकड्यांत सुधारणा हव्यातच. ‘न्यूज’च्या २०१७ च्या आवृत्तीत दोन फार चांगल्या झाल्या. जुन्या फुप्फुसाच्या आजारात ज्यांचं सॅच्युरेशन कायमच ८८ ते ९२ असायला हवं, त्यांच्यासाठी वेगळं माप आलं. नाहीतर विडीच्या धुरात म्हातारे झालेले आमच्याकडचे आजोबा रोजच धोक्यात दिसायचे आणि त्यांना ऑक्सिजनचा मारा व्हायचा. सॅच्युरेशनच्या यंत्राचं तर आणखी एक आहे. सावळ्या कातडीवर ते खरं आहे त्यापेक्षा बरं दाखवू शकतं, हे अमेरिकेत २०२० साली पुन्हा एकदा दाखवून झालं. आपल्याकडं यावर जितकं बोलायला हवं तितकं बोलत नाहीत. दुसरी सुधारणा अशी की ‘नव्यानं आलेला गोंधळ’ याला एकदम तीन गुण. माणूस बोलतोय, पण भलतंच बोलतोय.

आता सांगा, गोंधळ नवा आहे हे ठरवणार कोण? संध्याकाळी ड्युटीवर आलेल्या नर्सनं त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेलं असतं. ते माहीत असतं ते खाटेखाली चटई टाकून झोपलेल्या त्याच्या बायकोला. तिला आम्ही राउंडच्या वेळी बाहेर काढतो. इंग्लंडातले लोक नातेवाइकाचं म्हणणं बाजूला ठेवल्याची मोठी किंमत मोजून आता बदलतायत. मार्था मिल्स नावाची मुलगी, वय वर्षं तेरा, २०२१ साली लंडनच्या हॉस्पिटलात सेप्सिसनं गेली. आई-वडील सांगत होते, ऐकलं गेलं नाही. आयसीयूत आधी नेलं असतं तर बहुधा वाचली असती, असं चौकशीत निघालं. २०२४ पासून तिथं तिच्या नावाचा नियम सुरू झालाय: नातेवाइकाला पटत नसेल तर त्यानं थेट दुसऱ्या पथकाला बोलवायचं. आपल्याकडं तो नातेवाईक रात्रंदिवस उशाशी असतो, फुकट असतो, आणि आपण त्याला औषधं आणायला पळवतो.

शिवाय सीमाभागाची आपली एक अडचण. खानापूरकडचा म्हातारा मराठीत म्हणतो, ‘कसंतरीच होतंय बघ बाई.’ ते ऐकणारी नर्स केरळची. ती चार्टवर इंग्रजीत लिहिते, फोनवर पीजी डॉक्टरला अर्धं कानडीत सांगते, ‘पेशंट अनईझी.’ डॉक्टर विचारतो, ‘बीपी किती?’ बीपी ठीक. फोन बंद. ‘कसंतरीच’ला गुण नाहीत. खरं तर नेदरलँड्समधल्या नर्सांनी याचीच यादी करून पाहिली आहे: रंग बदलला, घाम आला, उगाच तळमळ, आणि नुसतं ‘मला हे बरं दिसत नाही’ असं नर्सला वाटणं. आकडे हलायच्या आधी हे वाटणं येतं, पुष्कळदा. मला स्वतःला एक आई आठवते, पोराचा पाय ट्रॅक्टरखाली सापडलेला. ‘सिस्टर, ह्यो माझ्या पोराचा चेहरा न्हवं,’ म्हणाली. त्याचे गुण तेव्हा दोन होते. मी ड्युटी डॉक्टरला बोलवलं, दीड तासात गुण सहा झाले, त्याला वर हलवलं, पोरगा वाचला. यातून मी काही सिद्ध करत नाही. तो तसाही वाचला असता की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. वर म्हटलेला पेच तो हाच.

श्वास मोजायचं माझ्यापुरतं मला कधी जड गेलं नाही, त्याचं श्रेय नर्सिंग स्कूलला कमी आणि आजीला जास्त. आमच्याकडं कायोत्सर्गात नऊ वेळा णमोकार म्हणतात. एका मंत्राला तीन श्वासोच्छ्वास, नवाला सत्तावीस. आजीनं मांडीशी बसवून हे शिकवलं. पुढं वॉर्डात दुसऱ्याचा श्वास मोजताना मला जाणवायचं की काम तेच चाललंय, फक्त श्वास माझा नाही. धर्म धर्म म्हणून जे काही माझ्या हातून झालं असेल त्यातलं पुष्कळ त्या एकेका मिनिटात झालं.

त्याच आजीमुळं या सगळ्याची दुसरी बाजूही मला मान्य करावी लागते. आचार्य शांतिसागर महाराजांचं भोज गाव आमच्याच पट्ट्यातलं, दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावरचं. डोळ्यांची दृष्टी जात चालली, जमिनीवरचे जीव दिसेनात, मुनिधर्म पाळता येईना, तेव्हा त्यांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नपाणी टप्प्याटप्प्यानं सोडत देह ठेवायचं व्रत. पाच आठवड्यांनी, १८ सप्टेंबर १९५५ रोजी, देह ठेवला. त्या पाच आठवड्यांत त्यांचा स्कोअर कुणी काढला असता तर तो कधीच सातच्या पुढं गेला असता. धावत जायचं होतं का? आजीनंही शेवटी एकेक पदार्थ सोडला, मग पाणी. ती कशी जातेय हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा नीट कळत होतं.

२०१५ च्या ऑगस्टात राजस्थान उच्च न्यायालयानं सल्लेखनेला आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्याअखेर सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. आमच्या भागात मोठे मोर्चे निघाले. तेव्हा बोलणाऱ्यांनी एक गोष्ट पुरेशी सांगितली नाही असं मला वाटलं. समंतभद्र आचार्यांनी सल्लेखना कधी घ्यावी हे सांगताना संकट, दुष्काळ, म्हातारपण आणि रोग ही कारणं दिली, आणि त्यांना एक अट घातली: ज्यावर काही इलाज उरलेला नाही असं. ही अट फार कडक आहे. इलाज उरला नाही हे बघितल्याशिवाय कसं कळणार? म्हणजे आधी कुणीतरी यायला हवं, श्वास मोजायला हवा, कारण शोधायला हवं. साधा न्यूमोनिया असेल तर तो बरा करायला हवा. ते सगळं झाल्यावर, त्या माणसाला विचारून, थांबायचं. इलाज थांबवण्याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल, २०२३ मध्ये सोपी केलेली त्याची रीत आणि ३० जानेवारी २०२५ ला कर्नाटक सरकारनं काढलेला आदेश, या सगळ्यांत डॉक्टरांची दोन मंडळं, लेखी इच्छा वगैरे जे आहे, ते कायद्याच्या भाषेत त्याच अटीजवळ येतं. शांतिसागर महाराजांची वेळ भरली होती असं मी हात जोडून म्हणते. चार्टवर वीस-वीस लिहिलेल्या बाईबद्दल ते म्हणायला माझी जीभ वळत नाही, मग तिच्या घरच्यांनी ते कितीही मनापासून म्हटलेलं असो. त्यांना म्हणू दे. आम्ही पांढऱ्या कपड्यातल्यांनी मान डोलवू नये.

माझी भाची आता बेळगावातच नर्सिंगला आहे, शेवटच्या वर्षाला. परवा आली होती. म्हणाली, ‘आत्या, आता बेरीज करायला लागत नाही, आकडे भरले की कॉम्प्युटरच स्कोअर काढतो, तांबडं करतो.’ चांगलं आहे, म्हटलं. श्वास? ‘तो आपण भरायचा.’ मोजून भरता का, हे मी विचारलं नाही. लग्नाआधीच्या पोरीला किती छळायचं. तांबडं झाल्यावर काय, एवढंच विचारलं. नंबर भिंतीवर लावलाय, म्हणाली. रात्री दोनला उचलतात? ‘उचलतात, बहुतेक.’

नर्सिंग कौन्सिलच्या मापानं शिकवणाऱ्या हॉस्पिटलात साध्या वॉर्डाला तीन रुग्णांमागं एक नर्स हवी. तिच्या वॉर्डात रात्री किती असतात ते तिनं सांगितलं, मी इथं लिहीत नाही. तिला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करायचाय आणि विषय सुचत नव्हता. स्कोअरवर काहीतरी नवीन कर, असं मॅडम म्हणाल्यात. मी म्हटलं, नवा स्कोअर काढू नको. महिनाभर रात्री त्या नंबरावर गेलेले फोन लिही: किती वाजता लागला, किती वाजता माणूस आला, आला तेव्हा रुग्णाचा श्वास किती होता. विषय फारच साधा आहे, असं तिचं म्हणणं पडलं. मॅडमना विचारून सांगते म्हणालीय.